राजधानीचा बेत

आयुष्यभर शहरात बस चालवली म्हणून डेपोतले लोक त्यांना कॅप्टन म्हणायचे आणि पुढे घरातही तेच नाव चिकटलं. निवृत्त झाल्यावर कॅप्टनच्या मनानं एकच घेतलं होतं: युरोपातल्या एका राजधानीत जायचं आणि दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या ट्राममध्ये खिडकीशी बसायचं. तिथली नदी, जुना दगडी पूल, टेकडीवरचा किल्ला, सगळं त्यांनी वाचून पाठ केलं होतं. घरात त्या शहराचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'राजधानी' म्हटलं की भागायचं. तिकिटंही काढून झाली होती.

आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर गळून पडलं.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा पाय ओढत का होईना, चालत होते. समोरच्याचं सगळं कळत होतं. जिभेला मात्र कुलूप लागलं होतं. पाणी हवं असलं की 'चावी' म्हणायचे, आणि चावी हवी असली की नुसते बघत राहायचे.

बोलणं परत यावं म्हणून उपचार करणाऱ्या बाई दर आठवड्याला येऊ लागल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या कॅप्टनच्या बायकोला म्हणाल्या, "त्यांना फळांची नावं विचारत बसू नका. लहान मूल नाहीत ते. ज्याची ओढ आहे त्यावर बोला."

बायकोचं पडदे शिवायचं दुकान घराच्या खालीच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती कापड बेतायच्या लांब टेबलावर राजधानीचा नकाशा पसरायची, चार कोपऱ्यांवर कात्र्या ठेवायची आणि नवऱ्याला शेजारी बसवायची.

"हे काय आहे, सांगा बघू?"

"न... नदी."

"आणि हा?"

कॅप्टननी किल्ल्यावर बोट ठेवलं, पुष्कळ जोर लावला आणि म्हणाले, "डबा."

तिला हसू आवरेना. क्षणभर ते रागावले, मग तेही हसले. हळूहळू पूल आला, ट्राम आली, 'किल्ला'ही आला. बायकोनं हुरूप येऊन दिवसांची आखणी मांडली: सकाळी संग्रहालय, दुपारी किल्ला, दुसऱ्या सकाळी जुन्या राजवाड्यातलं दुसरं संग्रहालय. राजवाड्यातले मखमली पडदे तिला डोळे भरून बघायचे होते. कॅप्टन मान हलवायचे, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिनं कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आपण जाणार आहोत असं तिला वाटतच नव्हतं. तिच्या लेखी हे औषध होतं.

रविवारी मुलगा आला. दुकानात उभ्या उभ्याच म्हणाला, "आई, तिकिटं रद्द करून टाकू. परक्या देशात बाबांना काही झालं तर?"

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली. "पण त्यांना इतक्यात सांगू नकोस. नकाशा समोर असला की बोलतात ते."

मागे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कॅप्टन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, कठड्याला धरून वळले आणि वर निघून गेले.

त्यानंतर ते खाली येईनात. नदी नाही की पूल नाही, 'चावी'सुद्धा नाही. जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. बायकोला घास गोड लागेना. आपण नवऱ्याला भुलवत होतो आणि तो मात्र खरोखर निघायची तयारी करत होता, हे तिला आतून टोचत राहिलं.

शेवटी तिनं नकाशाच वर नेला आणि पलंगावर पसरला.

"अहो, चुकलं माझं. मला भीती वाटते. तिथं तुम्ही पडलात तर मी कुणाला हाक मारू? मला तिथली भाषा येत नाही. तुम्हाला तर आपलीही येईनाशी झालीय."

कॅप्टन उठून बसले. बराच वेळ नकाशा बघितला. मग डाव्या हातानं पहिल्या संग्रहालयावर टिचकी मारली.

"नको."

"काय नको?"

"हे नको. हे... पण नको." दुसऱ्या संग्रहालयावरही टिचकी. "चालणं फार. पाय... माझा. ट्राम हवी. बसून."

आजारानंतर एवढं ते प्रथमच बोलले होते. पण तिच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण राजवाडा हातचा जात होता.

"म्हणजे पडदे बघायचेच नाहीत मी? इतक्या लांब जाऊन?"

"घरी... आहेत. पडदे."

"ते मी विकायला शिवलेत. हे राजाचे आहेत."

"एक," कॅप्टन म्हणाले. "एकच. मी बाहेर. बाकावर."

"थंडीत बसणार बाकावर?"

"ऊन... असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला फोन केला. तिकिटं रद्द करू नकोस, डॉक्टर सांगतील त्या महिन्यात पुढं ढकल, म्हणाली. मुलानं कुरकुर केली, पण ऐकलं. डॉक्टरांनी उन्हाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं.

त्या आठवड्यात उपचारवाल्या बाई आल्या तेव्हा वरून आवाज येत होते. राजवाडा सकाळी की दुपारी, यावर नवराबायकोची जुंपली होती. कॅप्टनचे शब्द अडखळत होते, पण माघार घेत नव्हते. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि भांडण संपेपर्यंत जिन्यातच बसून राहिल्या.