शिस्तीत मरणारी पेशी

सृष्टीतलं सर्वांत सभ्य मरण पेशीचं असतं. हे वाक्य साळवे सरांचं. मंठ्याच्या आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत, आणि हे म्हणताना फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढत. खडूची ती कोरडी करकर भिंतीपलीकडे मी घेत असलेल्या मराठीच्या तासाला ऐकू येई. मग तळहाताने ते वर्तुळ कडेकडेने पुसत आणत. शरीराचा आदेश आला की पेशी स्वतःला आवरते, घडी घालते आणि शेजारणीला पत्ता लागू न देता निघून जाते. निरोप समारंभातल्या भाषणांपेक्षा हे फारच नेटकं होतं.

तुरीला पिवळा फुलोरा आला त्या दिवसांत सरांच्या डोळ्यांतही तोच रंग उतरला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराचे रक्षकच यकृतावर उलटलेत. तिथल्या पेशी मरतात आदेशानेच, पण कित्येक आवरून न घेता फुटतात. आतलं सांडतं, त्या सुगाव्याने आणखी रक्षक धावून येतात आणि धडधाकट शेजारणींनाही मारतात. सूज म्हणजे हीच धावपळ. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा आवाजात आजारापेक्षा अपमान अधिक होता.

"इतकी वरसं पोरायला अर्धंच शिकवलं, सर," ते मला म्हणाले.

गावाला मात्र यकृत बिघडण्याचं एकच कारण ठाऊक. चहाच्या टपरीवर कुणीतरी हसत विचारलं, "काय सर, संध्याकाळचा तास कुठं भरून राह्यला?" सरांनी कप तसाच खाली ठेवला. त्यांनी आयुष्यात दारू चाखली नव्हती.

हे मला माहीत होतं. तरी एका दुपारी, ते हात धुवायला गेले असताना, शिक्षकखोलीत मी त्यांच्या बाटलीचं झाकण उघडून हुंगलं. पाणी होतं. मान वर केली तर सर दारात उभे, आणि उन्हाने लांबवलेली त्यांची सावली माझ्या हातापर्यंत आलेली.

"बघा, बराबर बघा," ते म्हणाले. "मंग लोकायला सांगा. तुमचं ऐकतेत. मी कधी पेलो न्हाई, एवढंच."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. टपरीवर विषय निघाला की मी वर्तमानपत्र उघडत असे.

उन्हाळा सरायच्या आत सर गेले. गेलेल्या माणसाची स्मृती काळ जपतो म्हणतात. आमच्याकडे त्याने फक्त वदंता जपली. ती वर्षभर ताजी राहिली.

पहिल्या स्मृतिदिनी शाळेने सरांच्या स्मरणार्थ व्यसनमुक्तीची शपथ ठेवली. मुख्याध्यापक सद्गदित झाले. शेवटी मला उभं केलं. मी म्हणालो, साळवे सरांनी कधी दारू घेतली नाही. त्यांच्याच शरीराने त्यांना दगा दिला, आणि नंतर आपण. दोनदा म्हणालो, अगदी सावकाश.

टाळ्या पडल्या. वीज गेलेली होती, माईक बंद होता.