नवतपातलं गरम पाणी

धनराजनं बल्लारपूरहून फोन करून सांगितलं, "बाबा, रविवारी तुमाले जपानी अंघोळीले नेतो." मुखरूनं विचारलं, "काऊन, आपल्या न्हाणीले का झालं?"

पण सूनबाईचं, दिव्यानीचं, बुकिंग झालेलं होतं. धानाची रोवणी करून करून सासऱ्याचे गुडघे धरले होते, आणि जपानात लोक गरम पाण्यात बसून गुडघे मोकळे करतात, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. अडचण एवढीच की नवतपा, मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, सुरू होता आणि सकाळी दहालाच चटके बसत होते.

सिंदेवाहीजवळच्या खेड्यातून मुखरू आणि त्याची बायको वच्छला आले, आणि चौघं मिळून भर दुपारी 'फुजी स्नानविहारा'त पोचले. फाटकाशी सिमेंटचा डोंगर होता, त्याच्या शेंड्याला बर्फ म्हणून चुना फासलेला. दारात फुलाफुलांचा लांब झगा घातलेली मुलगी कमरेत वाकली. मुखरूही वाकला. ती पुन्हा वाकली. पाहुणा थांबेपर्यंत वाकत राहायचं, हा तिथला नियम. समोरचा रामराम घालतो तोवर आपण थांबायचं नाही, हा मुखरूचा. नवव्या वेळी धनराजनं बापाला खांद्याला धरून सरळ उभं केलं.

वच्छलानं मुलीला निरखून पाहिलं. "तू गिरजाबाईची रीता नोहोस का वं?"

"कोन्निचिवा," मुलगीनं जपानी रामराम घातला.

"माय बरी हाय का तुही?"

"कोन्निचिवा." पण तिनं मान डोलावली, आणि झग्याची बाही तोंडाशी धरून कुजबुजली, "मावशी, इथी मराठी बोलाले मनाई हाय."

आत उघड्या आभाळाखाली बायांचं टाकं वेगळं, पुरुषांचं वेगळं, मधे बांबूची भिंत. 'अंगावर कपडा ठेवू नये' अशी पाटी होती. वच्छलानं ती नीट वाचली, "हे जपानच्या बायांसाठी हाय," असं दिव्यानीला समजावलं आणि लुगड्यासकट पाण्यात उतरली. भिंतीपलीकडे मुखरूही टॉवेल गुंडाळून गळ्यापर्यंत बुडाला.

"आहाहा!" तो ओरडला. "थंडगार!"

बाकीचे पाहुणेही "थंडगार, थंडगार" म्हणू लागले. मालक पवनभाऊ जपानी झगा सावरत धावत आले. सहा दिवस जपानात राहून आलेला माणूस, हातात थर्मामीटर.

"भाऊ, गरम म्हणा जी. बाहेर ऐकू जाते."

"थंड हाय, तं गरम कसा म्हणू?"

पवनभाऊंनी मोजलं. पाणी बेचाळीस अंश, हवा सत्तेचाळीस. ते टाक्याच्या काठावर मटकन बसले. "तिथी लोकं बर्फातून येऊन पाण्यात बसतात," ते हताशपणे म्हणाले. "मंग त्याईले गरम लागते."

मग उठून त्यांनी फर्मान काढलं: सगळ्यांनी आधी बर्फदालनात बसायचं, चांगलं कुडकुडायचं, आणि मगच पाण्यात यायचं. बर्फदालन म्हणजे चार एसी लावलेली खोली. खाली थर्माकोलचा चुरा पसरलेला.

सगळे, बाया आणि पुरुष, टॉवेल-लुगडी सावरत निमूटपणे आत गेले. बाहेर कोणीच आलं नाही. मुखरू थर्माकोलवर आडवा झाला आणि घोरू लागला. बोलवायला रीता आत गेली, ती वच्छलाजवळ टेकली आणि घरच्या गोष्टी मराठीत सांगत बसली. तिला रागवायला पवनभाऊ गेले. पाच मिनिटांनी त्यांनीही पाय पसरले. दोन्ही टाकी रिकामी पडून राहिली.

अन् लाइन गेली, चारही एसी बंद.

पंधरा मिनिटांत खोलीची भट्टी झाली. घामानं थर्माकोलचे दाणे सगळ्यांच्या अंगाला चिकटले. पांढरेफेक पाहुणे, नोकर, मालक, सगळे दारातून बाहेर पळाले आणि पाण्याकडे धावले, कारण त्या आवारात तेवढीच गार जागा उरली होती.

टाक्यात स्थिरस्थावर झाल्यावर बांबूपलीकडून वच्छलाचा आवाज आला. "काय जी, हाव का तिथी?"

"हाव ना."

"छत्तीस वर्सं झाली लग्नाले. भर दुपारी आपण दोघं बिनकामाचे बसलो, असं पहिल्यांदाच होऊन राह्यलं."

एवढे लोक ऐकत होते. तरी तो भिंतीजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "पाणी गार लागते का तुले बराबर?"

"लागते," ती म्हणाली. मग पलीकडून तीही भिंतीजवळ सरकली.

पवनभाऊ काठावर उभे होते, भुवयांवर थर्माकोल. "भाऊ, खरं सांगा," त्यांनी विचारलं. "जपान वाटते का हे?"

मुखरूनं मनापासून विचार केला. "मी जपान पाह्यलं नाई जी. पण उन्हात काऊन उभे राह्यले? या ना आत."

पवनभाऊंनी एकदा सिमेंटच्या डोंगराकडे पाहिलं, आणि झग्यासकट पाण्यात उतरले.