दुभाष्याची निवृत्ती

"अगं, मेलंय ते. आणखी किती फुंकर घालशील?" नवरा दारातूनच म्हणाला.

कॉम्प्युटरबाईंनी जुन्या संगणकातलं नेटवर्क कार्ड पुन्हा काढलं, ब्रशनं पुसलं, खाचेत दाबून बसवलं आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. कार्डावरचा हिरवा दिवा काही लागला नाही. उलट जळका वास आला.

बाई दिवसा एका इस्पितळात संगणक विभाग सांभाळत. हे मात्र घरचं, बिनपगारी काम. मुलगी तान्ही होती तेव्हा नोकरी सुटली होती. तिला मांडीवर झोपवून, एका हातानं टाइप करत बाईंनी या कार्डाचा ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणकाची प्रणाली यांच्यातला दुभाष्या. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं माहिती द्यायला साफ नकार दिला, म्हणून सगळं चाचपडत शोधलेलं. ती प्रणाली जगभरचे लोक हौसेनं मिळून बनवत, कुणालाही फुकट देत; तो ड्रायव्हर तिच्या गाभ्यात घेतला गेला, जगभर पोचला. त्याच्या पहिल्याच ओळीत बाईंचं नाव. पुढे कंपनी बुडाली, कार्डं भंगारात गेली, तरी बाई दरवर्षी त्याची डागडुजी करत राहिल्या.

आता त्यात एक भोक सापडलं होतं. त्यातून कुणालाही आत शिरता आलं असतं. बाईंनी ते बुजवलं. पण गाभ्याच्या त्या भागाची देखरेख करणाऱ्यानं नम्रपणे कळवलं, 'खऱ्या कार्डावर चालवून बघितलंय का? नसेल, आणि वापरणारंही कुणी नसेल, तर काढून टाकू या.' वापरणाऱ्यांसाठी जाहीर विचारणाही झाली. एकानंही उत्तर दिलं नाही.

"लिही की, चालतंय म्हणून," नवरा म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"कुणीच नाही. म्हणूनच तर."

"तुझं नाव जाईल त्यातून."

"जाईल."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना! पण कुणाकडे चुकूनमाकून असलंच एखादं कार्ड, तर माझ्या शब्दावर विसंबून फसेल बिचारा."

देखरेख करणाऱ्याला त्यांनी कळवलं, 'कार्ड जळालं. तपासू शकत नाही. मीच काढते, तुम्ही नका काढू.'

मग त्या टेबलाशी बसल्या. ड्रायव्हर पुसायला एक आज्ञा पुरेशी होती. पुसल्या जाणाऱ्या ओळी पडद्यावर लाल होऊन आल्या, प्रत्येकीच्या आधी वजाचं चिन्ह. वाचायची काही गरज नव्हती. तरी बाई ओळ न ओळ वाचत खाली जात राहिल्या. नवऱ्यानं स्टूल ओढलं आणि शेजारी येऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"हे काय गं? 'इथे जरा थांबा'?"

"त्या कार्डाला दम लागायचा. एकामागून एक माहिती पाठवली की अडकायचं. मध्ये क्षणभर थांबलं, की पुन्हा सुरळीत."

"कंपनीनं तर काहीच सांगितलं नव्हतं ना? मग तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? थांबून बघितलं."

तो हसला नाही. बाईंनी काढण्याचं कारण लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि बोट कळीवर ठेवलं.

"जरा थांब," नवरा म्हणाला.

त्या थांबल्या. मग त्यांनी कळ दाबली.