कुठे टोचतंय?

जावई कवळ्या बनवायचा. कवळी बसवून झाली की समोरच्याला मऊ आवाजात विचारायचा, "कुठे टोचतंय? घासून देतो." हवाई दलातून निवृत्त झालेले सासरे त्याला "दातवाले" म्हणत, आणि तेही त्यानेच बनवलेल्या कवळीतून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या कुठल्याही कामाबद्दल "छान" एवढा शब्द त्या कवळीतून कधी बाहेर पडला नव्हता. बायको म्हणे, "नाद सोडा. बाबा अजून जमिनीवर उतरलेले नाहीत."

त्या एका शब्दासाठी त्याने सासऱ्यांचं लढाऊ विमान बनवायला घेतलं, दोन तळहातांवर मावेल एवढं. नमुना म्हणून सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतला फोटो होता. युद्धात शत्रूचं विमान गोळ्यांनी पाडून नुकतेच परतलेले तरुण सासरे आपल्या विमानाला टेकून उभे. ती हकिकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. जावयाने फोटोवर भिंग धरून सगळं टिपलं: इंजिनामागची काजळी, चाकांवरचा चिखल, पंखांच्या पुढच्या कडेला चिकटवलेल्या कापडी पट्ट्या. त्या कशासाठी, हे काही त्याला ठाऊक नव्हतं. पण दिसेल तसं करायचं, ही हाताची सवय.

सासऱ्यांच्या वाढदिवशी त्याने विमान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. खोट सापडेना. ओठ हलले. जावई पुढे झुकला.

"बघू बघू!" सासऱ्यांच्या तुकडीतल्या जुन्या मेकॅनिकने विमान जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "अरे, हे तर आमचंच लेकरू! तेलाचा ओघळसुद्धा सोडला नाही पठ्ठ्याने. आणि पंखांतल्या बंदुकांच्या तोंडावरच्या पट्ट्या! मीच चिकटवायचो, आत धूळ जाऊ नये म्हणून. पहिली गोळी सुटली की चिंध्या..."

तो अडखळला. "पण काजळी, चिखल... म्हणजे हे परत आलेलं विमान. मग पट्ट्या शाबूत कशा?"

पाहुण्यांच्या हातातले कप जिथल्या तिथे थांबले.

"दातवाल्यांची करामत," सासरे म्हणाले. "लोकांचे जबडे चाचपणाऱ्याला विमानातलं काय कळणार? काय हो दातवाले, चुकलात ना?"

"अहो, बोला ना," बायको कुजबुजली. तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली होती. जावयाने मात्र सासऱ्यांच्या हनुवटीकडे पाहिलं. ती थरथरत होती.

"चुकलंच, बाबा."

"मग काढा. इथेच, सगळ्यांदेखत."

जावयाने खिशातली कोरणी काढली. एकेक पट्टी खरवडताना खालचा रंगही निघत गेला, पंखांच्या कडा ओरबाडल्यासारख्या झाल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं. बायको उठून आत गेली.

"छान!" सासरे म्हणाले. "आता कसं छान दिसतंय."

मिळाला एकदाचा शब्द. जावयाने कोरणी पुसली. मग उठून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. खिशातलं भिंग मेकॅनिकच्या हातात दिलं. आणि खाली वाकून, फोटोतल्या पट्ट्यांवर बोट ठेवत, त्याच मऊ आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"इथेही टोचत असेल ना, बाबा? घासून देतो."