ओवी मधेच न सोडणारा प्लेअर

मी एक जुना, गाणी वाजवणारा प्लेअर आहे. मित्रांनो, हसू नका! एकशेसाठ जीबी जागा आहे माझ्या पोटात. पंधरा वर्षांपूर्वी शहाजीने मला सोलापुरात सतरा हजारांना घेतले आणि मंद्रूपला नेऊन त्याच्या वडिलांच्या, तात्याबांच्या, धनगरी ओव्या माझ्यात भरल्या. पाहुणे आले की मला रुमालातून बाहेर काढत. केवढे कौतुक होते माझे!

मग घरात मोबाईल आला. त्याला रंगीत कव्हर, आणि मी बटणांच्या डब्यात. खरे सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात शहाजीच्या मुलीने, रुपालीने, माझ्यातल्या सगळ्या ओव्या त्याच्यात उतरवल्या. माझ्याकडे तेवढेच होते, तेही त्या चपट्याने घेतले.

गेल्या सोमवारी शहाजी मला विकायला सोलापूरला निघाला. तात्याबाही बरोबर आले. दुकानदार म्हणाला, "एवढ्या जागेचे प्लेअर आता निघत नाहीत. शौकीन लोक शोधत येतात, पुढं भाव अजून चढेल. नऊ हजार देतो. पण आतलं सगळं पुसणार." तपासण्यासाठी त्याने मला चार्जिंगची वायर जोडली, बटण दाबले आणि ओवी सुरू झाली.

तात्याबा तिथेच पायरीवर बसले. सुरू झालेली ओवी त्यांच्या घरात मधेच सोडत नाहीत, आणि ही तर पाऊण तासाची.

"तात्या, मोबाईलवर ऐका की," म्हणत शहाजीने मला थांबवले आणि त्याच्यावर ओवी लावली. दोन मिनिटांत फोन वाजला, ओवी तुटली. पुन्हा लावली, पुन्हा कुणाचा तरी फोन. मला इतका आनंद झाला, की माझी मलाच लाज वाटली.

"त्यो सारका मधीच उटतोय," तात्याबा म्हणाले. "ह्येच्यावरच लाव. आन् ह्यो इकायचा न्हाय." मग मी पाऊण तास गायलो. दुकानदारही जागचा हलला नाही.

पण एक गोष्ट मला तात्याबांना सांगता येत नाही. माझी बॅटरी आता दहा मिनिटेही टिकत नाही. दुकानात वायर होती म्हणून निभावले. आज ते आंघोळ करून, फेटा बांधून माझ्यासमोर बसले आहेत. बटणावर बोट ठेवले आहे. आणि घरातल्या एकुलत्या चालू प्लगला मोबाईल लटकला आहे!

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी शेवटी म्हणणार होतो. ते राहू द्या. आधी कुणीतरी त्याची वायर काढा.