घड्याळजींची बरणी

"हा जिवंत आहे." घड्याळजींनी मीटरच्या तारा सोडवून सेल डावीकडे ठेवला आणि पुढचा उचलला. "हासुद्धा ठणठणीत. आणि हा तर काल-परवाच पाकिटातून निघालेला दिसतोय. खरं सांगा, कुणाकुणाच्या घरचं घड्याळ बंद पडलंय?"

सहावीच्या वर्गात आधी एक हात वर आला, मग तीन, मग निम्मा वर्ग. बाईंनी निकामी सेल जमवून आणायला सांगितले होते आणि ज्या रांगेचे जास्त, ती रांग पहिली, असंही सांगून ठेवलं होतं. निकामी संपल्यावर पोरांनी चालू सेलना हात घातला होता.

"आमच्या रिमोटचे पण आहेत."

"आमच्या आजीच्या बीपीच्या मशीनचे."

"आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतलं घड्याळ सोमवारपासून सव्वादहावर अडकलंय, ते?" बाईंनी विचारलं. शेवटच्या बाकावरून दोन हात अर्धवट वर झाले.

"हे सगळे जिथले तिथे परत बसवा," घड्याळजी म्हणाले. "आणि खेळण्यातली गाडी ज्या सेलवर हलत नाही ना, त्यावर भिंतीवरचं घड्याळ आणखी कित्येक महिने चालतं. टाकायच्या आधी बघायचं, याला दुसरीकडे कुठे नोकरी मिळतेय का."

मुलं खदखदून हसली आणि घड्याळजींच्या जिवात जीव आला. सातवीत त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. जन्म गेला डोळ्याला भिंग लावून, खाली मान घालून घड्याळं दुरुस्त करण्यात. वर्गातल्या बाई म्हणजे त्यांचीच एकुलती एक लेक. सेलची माहिती द्यायला येणारा पाहुणा ऐनवेळी आला नाही म्हणून तिने बापाला आणलं होतं, आणि तिची चारचौघांत फजिती होऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. निघताना बायकोने कॉलर सारखी करत बजावलं होतं, "पाल्हाळ लावू नका. विचारतील तेवढंच सांगा."

टेबलावर त्यांची काचेची बरणी होती. तीस वर्षांतले घड्याळांचे बटण सेल त्यात होते, एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येकाला चिकटपट्टी लावलेली. घरात ती वरच्या फळीवर असायची. बायको तिला आपली सवत म्हणायची, आणि लेकीला लहानपणी मैत्रिणींसमोर तिची लाज वाटायची. दुपारी सेलमधले धातू वेगळे करणाऱ्या कारखान्याची गाडी येणार होती, म्हणून आज बरणी बाहेर निघाली होती.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "आजोबा, तुम्ही पहिल्यापासूनच साठवायचात?"

हो म्हटलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. पण इतक्या पोरांना आत्ताच खरं बोलायला लावलं होतं.

"नाही गं. आधी मीही टाकायचो. दुकानात, खुर्चीखाली. एकदा एक छोटी मुलगी तिथे खेळत होती, दीड वर्षाची. मी कामात. मला वाटलं, बिस्किट खातेय. मग ती खोकायला लागली. तोंडात बोट घातलं तर सेल निघाला. मीच टाकलेला." त्यांनी बरणीतला एक सेल चिमटीत धरून दाखवला. "एवढासा असतो. पण घशात अडकला तर आतून जाळतो. त्या दिवसापासून एकही खाली पडू दिला नाही."

"मग ती मुलगी वाचली?"

"वाचली की. चांगली खणखणीत आहे. आता रोज चाळीस पोरांवर ओरडते."

फळ्यावरचा खडू थांबला. वर्गाला उमगायला एक क्षण लागला, मग सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई बरणीकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्यांना तो बाबांचा चिकटपणा वाटत आला होता.

"बाबा, आई कधी बोलली नाही."

"तिला कुठे माहितेय? तिनं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

दुपारी गाडीवाल्याने बरणी पिंपात रिकामी केली. सेल पडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. रिकामी बरणी काखेत धरून लेक बापाबरोबर घरापर्यंत आली. दारातच आईने विचारलं, "काय विचारलं पोरांनी?"

घड्याळजींनी चपला काढायला नको इतका वेळ लावला.

"सेल साठवायला कधी लागलो, ते."

"आणि काय सांगितलंत?"

त्यांनी सांगितलं, मान खाली घालून. दुकान, बिस्किट, बोट, सगळं.

बायकोने लेकीच्या हातातून बरणी घेतली आणि नळाखाली धरली.

"मी त्या दिवशी तुमचा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होते," ती पाठमोरीच म्हणाली. "तुम्ही पोरीला छातीशी धरून रडत होतात, चिमटीत तो सेल. काय बोलणार होते मी? तशीच माघारी आले." तिने बरणी आतून बोट फिरवून धुतली. "बरणी कुणी दिली होती तुम्हाला? माझ्या घरातली सगळ्यात चांगली होती ती."

तिने ती पुसून कोरडी केली आणि फळीवर, होती तिथेच ठेवून दिली.