खिडकीनं बोट मागितलं नाही

ती छोटी खिडकी तिसऱ्यांदा पडद्यावर आली आणि शंतनू साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"पासवर्ड, पासवर्ड! कुणी ठेवलाय हा पासवर्ड?"

मी त्यांच्या मागे उभा होतो. खुर्ची माझी होती, पण साहेब केंद्रावर आले की मी उठत असे.

"कुणीच ठेवला नाय, साहेब," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवाल्या हिमांशूनं नुसतं बोटावर चालू केलंय. मी बोट ठेवलं की उघडतंय."

"मग ही खिडकी बोट का मागत नाही?"

कॉम्प्युटरशेजारी बोट ठेवायची काच होती. सकाळी तिच्यावर हिरवा दिवा लागला, मी डाव्या हाताचं मधलं बोट ठेवलं आणि कॉम्प्युटर रोजच्यासारखा उघडला. पण ही खिडकी आली की काच काळी ती काळीच राहायची. साहेबांनी आपलं गाव लिहून पाहिलं, मुलीचं नाव लिहून पाहिलं, एक दोन तीन चार लिहून पाहिलं. खिडकी दर वेळी 'चूक' म्हणाली.

ही गोष्ट २०१९ सालच्या मे महिन्यातली. शहराच्या कडेला टँकर भरण्याचं केंद्र होतं, तिथं पास छापायचं काम माझ्याकडे होतं. टँकरवाल्यानं पास दाखवला की पाइपावरचा मीटर त्यावरची तारीख वाचायचा आणि पाणी सोडायचा. पहाटे वीज गेली, कॉम्प्युटरच्या आतला सेल मेलेला, त्यामुळं त्याची तारीख दोन वर्षं मागे गेली. सगळे पास जुन्या तारखेचे निघू लागले. मीटर पाणी सोडेना. तारीख बदलायला गेलं की ही खिडकी आडवी यायची. 'या बदलासाठी अधिकार लागतो, पासवर्ड लिहा.'

दारात टँकरचा ड्रायव्हर सर्जेराव डोकावला.

"काय मामा, रुसलं का मशीन? हळद-कुंकू लावा त्याला."

"तू गाडीत बस," साहेब ओरडले.

"गाडीत बसून काय करू साहेब? पत्रा तापलाय, भाकर भाजंल त्याच्यावर."

त्याच्या मागून मनकर्णाबाई आत आल्या. हर्सूलच्या मागच्या वस्तीतल्या. मागच्या खेपेला वस्तीचा टँकर वाटेतच कुठं तरी रिकामा झाला होता, तेव्हापासून त्या इथूनच टँकरमध्ये बसून जात.

"पाच दिस झाले, दादा," त्या मला म्हणाल्या. "सून बाळंत झालीय. तिचं धुणं तसंच पडलंय. किती येळ अजून?"

"होतंय, बाई."

"काय होतंय? सकाळधरनं ह्या टीव्हीपुढं बसलेत दोघं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते. वस्त्यांची पाळी बारापर्यंत. बारानंतर बुकिंगचे टँकर. बायपासकडच्या नव्या इमारतींचे. त्यांचे पास मुख्य ऑफिसातून छापून येत, त्यांना आमच्या कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं. त्यांचे चार टँकर येऊन सावलीला लागलेही होते.

"साहेब, आजच्यापुरता हातानं पास लिहून द्या," मी म्हणालो.

"हाताचे पास बंद आहेत. माझी नोकरी घालवतोस का?"

मी बाहेर जाऊन हिमांशूला फोन लावला. त्यानंच ही फुकटची लिनक्स सिस्टीम बसवून दिली होती. बसवली त्या दिवशी साहेब मीटिंगला गेले होते. कुणाचं तरी बोट घेतल्याशिवाय पुढं जाता येईना, म्हणून त्यानं माझं घेतलं. उजव्या हाताची बोटं सव्वीस वर्षं व्हॉल्व्हची चावी फिरवून गुळगुळीत झाली होती, काच ती ओळखेना. शेवटी डावं मधलं चाललं. साहेबांचं बोट नंतर घालू म्हणाला, ते राहूनच गेलं. त्यामुळं त्या कॉम्प्युटरचे सगळे अधिकार माझ्या एका बोटात होते. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. साहेबांनी कधी विचारलं नाही.

"मामा, चूक माझी आहे," हिमांशू म्हणाला. "त्या खिडकीला बोटाची जोडणी करायची राहिली. तिथं शंभर वेळा लिहिलं तरी उपयोग नाही. पण काळ्या पडद्यावरून, हुकूम टाइप करून केलं तर बोट चालेल. लिहून घेता?"

मी लिहून घेतलं. एस, यू, डी, ओ. मग जागा सोडायची. मग पुढची अक्षरं. मराठी अक्षरं मी चाळिसाव्या वर्षी समाजमंदिरातल्या वर्गात शिकलो. इंग्रजी कुणी शिकवली नाहीत. ती टँकरच्या नंबर प्लेटा बघून एकेक करून ओळखीची झाली. म्हणून मोठी अक्षरं मला लगेच कळतात, पण कीबोर्डवर एकेक शोधावं लागतं.

आत येऊन साहेबांना सांगितलं. ते वळून माझ्याकडे पाहू लागले.

"काळ्या पडद्याला हात लावायचा नाही. सगळं उडालं तर जबाबदार कोण? मी मुख्य ऑफिसला फोन करतो, ते माणूस पाठवतील."

"माणूस येईस्तोवर बारा वाजतील, साहेब."

"वाजू दे. तू हात लावलास तर उद्यापासून ही खुर्ची तुझी नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

ते फोन कानाला लावून आपल्या गाडीकडे गेले. गाडीत एसीचा गारवा होता.

मी खुर्चीकडे पाहिलं. नोकरीत बसून करायचं पहिलंच काम मला आठ महिन्यांपूर्वी मिळालं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गुडघे गेलेले. बायकोनं खुर्चीवर टाकायला जुन्या लुगड्याची चौघडी शिवून दिली होती.

मनकर्णाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोक्यावरचा पदर काढून तोंड पुसलं आणि पुन्हा डोक्यावर घेतला.

मी बसलो.

काळा पडदा उघडला. कागद समोर धरून एका बोटानं अक्षरं लिहिली. पहिल्यांदा जागा सोडायची राहिली, कॉम्प्युटर काही तरी बोलला. पुन्हा लिहिलं. या वेळी काचेवर हिरवा दिवा लागला. मी बोट ठेवलं. पडद्यावर तारीख आली, आजची, बरोबर.

अकरा पस्तीसला पहिला पास निघाला.

"चला मावशी!" सर्जेराव ओरडला. "वस्तीत सांगा, मामाच्या बोटाला पाणी सुटलं म्हणून!"

सगळे पाइप लावून बारा वाजेपर्यंत वस्त्यांच्या बारा टँकरांपैकी सात भरले. पाच राहिले. त्या पाच वस्त्यांची नावं मी पाहिली आणि यादी पालथी ठेवली.

साहेब आत आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. ते ओरडले नाहीत.

"म्हणजे मला जे जमलं नाही, ते तुझ्या बोटानं होतं?"

"त्या दिवशी तुम्ही नव्हता, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्याआधी आलेले होते. फोन टेबलावर, त्यातून हिमांशूचा आवाज मोठ्यानं येत होता.

"यांचं बोट काढून टाकायचं," साहेब सांगत होते. "माझं घालायचं. पासवर्डही ठेवायचा."

"होईल, सर. पण मामांना बसवावं लागेल. सध्या अधिकार फक्त त्यांच्या बोटाला आहे. त्यांचं बोट त्यांच्याच बोटानं निघेल."

मग साहेबांनी स्वतः खुर्ची मागे ओढली.

"बसा, कडुबा," ते म्हणाले.

आठ महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा 'बसा' म्हटलं.

हिमांशू अक्षरं सांगत गेला, मी लिहीत गेलो. आधी साहेबांचं बोट घातलं. त्यांचं पहिल्या फटक्यातच उमटलं, मऊ बोट. मग पासवर्ड. तो स्वतः लिहिताना साहेब म्हणाले, तिकडं बघा. मी भिंतीकडे पाहिलं.

शेवटी माझं बोट काढायला माझं नाव लिहायचं होतं. के, ए, डी, यू, बी, ए. एवढ्या वेळात मला अक्षरांच्या जागा पाठ झाल्या होत्या, एकही शोधावं लागलं नाही. काचेवर हिरवा दिवा लागला.

"मामा," हिमांशू फोनवरून म्हणाला, "ठेवलं का बोट?"

"ठेवतो."

"सॉरी, मामा. ती खिडकी मी आधीच नीट करायला पाहिजे होती."

"असू दे बाबा."

मी बोट ठेवलं.

"तपासून बघा," साहेब म्हणाले.

मी परत ठेवलं. लाल दिवा लागला. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी उठलो, खुर्चीवरची चौघडी काढून घेतली आणि बाहेर आलो.

आठ वाजले नव्हते तरी ऊन चटका देत होतं. रांगेत पहिला सर्जेराव होता. मी पाइप खांद्यावर घेतला तसा तो केबिनमधून खाली वाकला.

"मामा, तुम्ही हितं?"

"व्हय," मी म्हणालो. "हातभर पुढं घे. झाकणापर्यंत पाइप पुरत नाय."